गाडी आणि डॉक यांच्यामधली चार बोटं: भिवंडीच्या गोदामवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मानकोली, दापोडे, सोनाळे, पडघा या पट्ट्यातल्या गोदामांचे मालक आणि ती चालवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फोर्कलिफ्ट ऑपरेटर आहे, म्हणजे पुढच्या दोन काट्यांवर माल उचलणारं मशीन चालवतो. सतरा वर्षं झाली. दापोडे, वळ, पूर्णा, मग सोनाळे आणि आता पडघ्याकडे, अशी पाच गोदामं बदलली. वडील ट्रक ड्रायव्हर होते. शाळेच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर क्लीनर म्हणून मी नगर–मुंबई अशा पुष्कळ फेऱ्या मारल्या आहेत. त्यामुळे डॉकला, म्हणजे गोदामाच्या माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला, गाडी लागते तेव्हा आत मशीनवर बसलेला आणि पुढे केबिनमध्ये बसलेला, दोघंही मला घरचेच वाटतात. त्या दोघांच्या मध्ये चार बोटांची एक फट असते. हे पत्र त्या फटीबद्दल आहे.

२०१३ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रात्रीचा दीड वाजला होता. पाच नंबरच्या डॉकवर मी होतो, सहा नंबरवर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेला एक मुलगा. त्याच्या गाडीतले शेवटचे दोन पॅलेट, म्हणजे माल रचलेले लाकडी पाट, उतरवायचे राहिले होते. तेवढ्यात सात नंबरची गाडी भरून झाली. हमालाने दार लावलं आणि सवयीप्रमाणे बॉडीवर दोन थापा मारल्या. ट्रकच्या धंद्यात एक थाप म्हणजे थांब आणि दोन थापा म्हणजे चल. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. सहा नंबरच्या ड्रायव्हरला वाटलं, थापा आपल्याच गाडीवर पडल्या. तो सकाळी अकरापासून आवारात नंबर लावून उभा होता, स्टिअरिंगवर डोकं ठेवून त्याचा डोळा लागला होता. दचकून उठला, चावी फिरवली आणि गाडी चार फूट पुढे घेतली. मशीन नेमकं त्याच वेळी गाडीतून मागे निघत होतं.

मशीनची मागची चाकं लेव्हलरच्या, म्हणजे डॉक आणि गाडी यांना जोडणाऱ्या, पत्र्यावर यायची, ती मधल्या फटीत खाली गेली. मुलाने उडी मारली. मशीन त्याच बाजूला कलंडलं आणि डोक्यावरच्या छताचा लोखंडी खांब त्याच्या मांडीवर आला. त्याचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. आम्ही मशीन उचलेपर्यंत तो शुद्धीवर होता आणि एकच वाक्य बोलत होता, ‘आईला सांगू नका.’ ड्रायव्हर पुढच्या चाकाला टेकून बसला होता, त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कागद तयार झाला. कारण: ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. मी तो कागद वाचला, साक्षीदार म्हणून खाली सहीसुद्धा केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते. कारण निष्काळजीपणा त्या ड्रायव्हरचा नव्हता. मशीन बाहेर आलं आहे की आत आहे, हे त्याला केबिनमधून कसं कळणार होतं? आरशात त्याला स्वतःच्या कंटेनरची बाजू दिसते, मागचं दार नाही. आणि गाडी चालू आहे की बंद, हे आत चेहरा करून काम करणाऱ्या ऑपरेटरला दिसत नाही. दोघांनाही एकमेकांचं नाव माहीत नसतं, बऱ्याचदा भाषाही वेगळी. हा बीडचा, तो आझमगडचा. एक ठेकेदाराचा माणूस, दुसरा ट्रान्सपोर्टवाल्याचा. हमाल मुकादमाच्या टोळीतला. गोदाम चालवणारी कंपनी वेगळी आणि इमारतीचा मालक आणखी वेगळा. पाच मालकांची माणसं एका पत्र्यावर एकत्र येतात आणि त्या पत्र्याची जबाबदारी पाचांपैकी कुणावरच नसते. सतरा वर्षं मी हेच पाहतो आहे, आणि मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच आहे.

गाडी ड्रायव्हरने हलवली तरच फट पडते असंही नाही. साधं गणित पाहा. अडीच-तीन टन उचलणाऱ्या मशीनचं स्वतःचंच वजन चार टनांच्या आसपास असतं. पॅलेटवर टन-सव्वाटन माल. असं पाच टनांचं धूड गाडीत शिरतं, ब्रेक मारतं, वळतं, मागे निघतं. बत्तीस फुटी कंटेनरमध्ये सोळा-अठरा पॅलेट बसतात, म्हणजे एका गाडीमागे तीसपस्तीस वेळा ये-जा. प्रत्येक ब्रेकला गाडीला पुढे धक्का बसतो. हँडब्रेक लावलेला असला तरी स्प्रिंगवर बॉडी मागेपुढे झुलते आणि चाक केसभर का होईना सरकतं. पाणी इमारतीकडे येऊ नये म्हणून आपल्या बहुतेक डॉकांसमोर जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार दिलेला असतो, त्याचीही मदत होते. पहिल्या पॅलेटला लेव्हलरचं पुढचं टोक गाडीच्या फळीवर वीतभर बसलेलं असतं, पंधराव्याला ते दोन बोटांवर आलेलं असतं. कुणी बघत नाही, कारण बघायला थांबलं की सुपरवायझर विचारतो, गाडी का अडली.

याच्यावरचा उपाय माझे वडील रोज करायचे. गाडी उभी केली की खाली उतरून मागच्या चाकाला दगड. घाटात असो, धाब्यावर असो, मार्केट यार्डात असो. आज त्या दगडाच्या जागी रबराची पाचर येते, व्हील चोक म्हणतात. ती प्रत्येक डॉकला साखळीने बांधून ठेवलेली हवी, आणि मागच्या चाकांना लावल्याशिवाय शटर उघडायचं नाही. अमेरिकेत फोर्कलिफ्टसाठी जे सरकारी नियम आहेत त्यांत अगदी हेच लिहिलं आहे: मशीन ट्रकमध्ये जाण्याआधी ट्रकचा ब्रेक लावलेला असावा आणि मागच्या चाकांखाली पाचर असावी. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. नव्या, मोठ्या पार्कांमध्ये गाडीला खालून पकडणारे हुक आणि आत-बाहेर लाल-हिरवे दिवे बसवलेले मी पाहिले आहेत. ते उत्तमच. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर बसवावेत. पण दापोड्याच्या गाळ्यांमध्ये अजून हाताने उचलून टाकायच्या लोखंडी पत्र्यावर काम चालतं, तिथे उद्या सकाळपासून पाचर लावता येईल.

दुसरी गोष्ट चावी. माझी तुमच्याकडे मुख्य मागणी हीच आहे. गाडी डॉकला लागली, इंजिन बंद झालं की चावी ड्रायव्हरकडून घ्यावी आणि डॉक ऑफिसच्या बोर्डवर त्या डॉकच्या नंबरखाली अडकवावी. ड्रायव्हरला त्याच नंबरचा बिल्ला द्यावा. माल उतरला, मशीन बाहेर आलं, लेव्हलर खाली गेला, शटर बंद झालं, की मशीन चालवणाऱ्यानेच बोर्डवरून चावी काढून ड्रायव्हरच्या हातात द्यावी. सुपरवायझरने नाही, वॉचमनने तर नाहीच. ज्याचा जीव त्या गाडीत होता त्याने. आणि थापा मारायची पद्धत डॉकवर पूर्ण बंद करावी.

माझ्या सध्याच्या गोदामात आम्ही हे तीन वर्षांपूर्वी सुरू केलं. सुरुवातीला ड्रायव्हर चिडायचे, आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. चावी म्हणजे त्याचं घर. केबिनमध्ये त्याचे पैसे, कागदपत्रं, स्टोव्ह, अंथरूण, टाकीत डिझेल. आजवर गोदामांनी त्याच्याकडून गेटवर लायसन्स ठेवून घेतलं, काहींनी मोबाइलसुद्धा ठेवून घेतला, आणि बदल्यात त्याला उन्हात उभं केलं. त्याने चावी कोणत्या भरवशावर द्यावी? शिवाय चावी घेतली की पंखा बंद. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये पंख्याशिवाय बसून बघा म्हणजे कळेल.

म्हणून चावीबरोबर खोली हवी. माझ्या मते ड्रायव्हरसाठीची खोली हीच डॉकवरची सगळ्यात महत्त्वाची सुरक्षेची वस्तू आहे, हेल्मेटपेक्षाही. पंखे, पिण्याचं पाणी, मोबाइल चार्ज करायला जागा, स्वच्छ संडास, आंघोळीला नळ, पाठ टेकायला फळ्या. एवढं असलं की ड्रायव्हर आपणहून चावी देऊन तिथे जातो, आणि तिथे गेला की तो डॉकच्या तोंडाशी फिरत नाही. खोली नसते तेव्हा तो कुठे जातो ते तुम्ही सीसीटीव्हीत रोज पाहता. दोन गाड्यांच्या मधल्या सावलीत बसतो. गाडीखाली चादर टाकून झोपतो. लघवीला गाडीच्या मागे, डॉकच्या भिंतीशी जातो. आणि त्याच भिंतीकडे दुसरी गाडी रिव्हर्स येत असते.

रिव्हर्सबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे माणसाचा जीव वाचत नाही. मशीनखाली पाय जातो, डॉक आणि गाडीच्या मध्ये सापडला तर माणूसच जातो. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा. तो उतरायचा, मागे बाजूला, आरशात दिसेल असा उभा राहायचा आणि ‘येऊ द्या, येऊ द्या, बास’ करत गाडी लावून द्यायचा. वडिलांनी मला शिकवलेला पहिला नियम तोच होता, मी तुला आरशात दिसलो नाही तर तू जिवंत नाहीस असं समज आणि बाजूला हो. आता भाडं परवडत नाही म्हणून क्लीनर गेला, बत्तीस फुटी गाडी एकटा माणूस लावतो. कॅमेरा असला तर असला. मग मागे कोण उभं राहतं? ज्याला काम नाही असा कुणीही. वॉचमन, हमालाचा पोऱ्या, शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर. ते बाजूला नाही, बरोबर मागे उभे राहतात, डॉककडे पाठ करून, हातवारे करत. प्रत्येक पाळीत एका शिकवलेल्या माणसाला फक्त हेच काम द्या. चमकणारं जाकीट, शिटी, आणि रात्री लाल बॅटरी. डॉकच्या भिंतीपासून दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे आखा. आणि ते झिजून गेले की पुन्हा रंगवा, नुसतं ऑडिट आलं की नको.

ताडपत्रीचं बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उघड्या गाडीवरचा माल गेटच्या आत आला की ड्रायव्हर वर चढून रस्से सोडतो. भरलेल्या गाडीची उंची बारा-तेरा फूट. पावसात ताडपत्री शेवाळासारखी निसरडी होते. तिथून तो पडतो तेव्हा खाली काँक्रीट असतं. या पडण्याला कुणी डॉकचा अपघात धरत नाही, गाडीवाल्याची गाडी, त्याची ताडपत्री, असं म्हणून सोडून देतात. बाजूने कठडे असलेला एक ओटा बांधला, जिथे गाडी शेजारी लावून उभ्याउभ्या रस्से सोडता येतील, तर हे थांबेल. तो नाही म्हणून काय होतं? ड्रायव्हर मला म्हणतो, ‘दादा, जरा वर घ्या,’ आणि पॅलेटवर उभा राहतो. मी आयुष्यात दोनदा माणसाला असं वर घेतलं आहे. दोन्ही वेळा काही झालं नाही. तरी ते चुकीचं होतं, आणि आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी ते सांगतो.

शिकण्याबद्दल. दसरा-दिवाळीच्या आधी गोदामांना एकदम ऑपरेटर लागतात. ठेकेदार मुलं आणतो, त्यांच्या खिशात कुठल्यातरी संस्थेचं कार्ड असतं, आणि मशीन मागच्या चाकांवर वळतं हेसुद्धा त्यांतल्या काहींना डॉकवर आल्यावर कळतं. मागचं चाक वळतं म्हणजे मशीनचं ढुंगण बाहेर फेकलं जातं, आणि शेजारी उभ्या हमालाच्या बरगड्या तिथेच असतात. सहा नंबरच्या त्या मुलाला कुणी एक वाक्य शिकवलं असतं तर त्याचा पाय कदाचित राहिला असता: बसून चालवायचं मशीन कलंडायला लागलं तर उडी मारायची नाही. पट्टा लावलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडतंय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. छत तुम्हाला वाचवायला आहे, पण तुम्ही त्याच्या आत असाल तरच. उभ्याने चालवायच्या, मागून चढायच्या मशीनचं वेगळं, तिथे मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं. हा फरक एखाद्याला ऐन वेळी सुचत नाही, तो अंगात भिनावा लागतो. त्याला दोन दिवस पुरत नाहीत.

याशिवाय बारीक गोष्टी. बाहेरच्या लख्ख उन्हातून कंटेनरच्या आत गेलं की क्षणभर काही दिसत नाही, म्हणून डॉकवर आत प्रकाश टाकणारा दिवा हवा. गाडीची फळी कुजलेली आहे का हे पायाने चालून बघायचं, मशीन घालून नाही. न्हावाशेवा बंदराकडून येणारा ट्रेलर घोडा, म्हणजे ओढणारी पुढची गाडी, सोडून नुसत्या पायांवर उभा असेल तर पुढच्या टोकाखाली आधार दिल्याशिवाय आत जायचं नाही, कारण मशीन पुढे गेलं की सगळा ट्रेलर नाक टेकतो. आणि सूचना चित्रांत लिहा. इंग्रजीतला बोर्ड ना बीडवाला वाचतो ना आझमगडवाला.

आता कायद्याचं. हे मी एका माथाडी कार्यकर्त्याकडून आणि त्यांच्या वकिलांकडून समजून घेतलं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, पण फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं त्याने ‘मोटार वाहन’ या व्याख्येतूनच वगळली आहेत, म्हणजे आवारातल्या माझ्या मशीनचा आरटीओशी संबंध नाही. कारखाने अधिनियम १९४८ चा, पण नुसती साठवण करणारं गोदाम त्यात कारखाना ठरत नव्हतं. कारखान्यात कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळ कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवावा लागे, गोदामाला तो नियम लागत नसे. बंदरातल्या गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी १९८६ चा स्वतंत्र कायदा होता. म्हणजे न्हावाशेवाच्या धक्क्यावर कंटेनर उतरवणाऱ्याला कायदा, आणि तोच कंटेनर साठ किलोमीटरवर भिवंडीत रिकामा करणाऱ्याला मात्र नाही. दोघांच्याही कामाच्या जागेला आपण ‘डॉक’च म्हणतो.

१९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, तेव्हा ज्यांचा एक मालक नाही अशा माणसांचं काय करायचं हा प्रश्न या राज्याने देशाच्या आधी सोडवला होता. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र आणलं आणि मंडळाच्या रूपाने त्यांना मालक मिळवून दिला. डॉकवरच्या त्या चार बोटांना असाच कुणीतरी मालक हवा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता २०२० लागू झाली आहे. ज्या जागी धंदा-व्यापार चालतो आणि दहा किंवा जास्त कामगार आहेत ती जागा तिच्या कक्षेत येते, म्हणजे तुमचं गोदाम येतं. आणि कामाची जागा कामगारांसाठी धोक्यापासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे, असं ती म्हणते. गाडीखाली झोपलेला ड्रायव्हर तुमच्या आवारातच असतो. ‘तो आमचा माणूस नाही’ हे उत्तर आता चालू नये.

आपला हा पट्टा मुंबईच्या जकातीबाहेर होता म्हणून वाढला, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर लहान गाळ्यांच्या जागी लाख-लाख फुटांची गोदामं उभी राहिली. २०२४ मध्ये राज्याने लॉजिस्टिक धोरण मंजूर केलं, त्यात लाखो रोजगारांची भाषा आहे. मला त्याचा आनंद आहे, माझ्या गावची मुलं इथेच येणार आहेत. म्हणून गोदामाच्या नकाशात डॉकची संख्या ठरते त्याच दिवशी ड्रायव्हरच्या खोलीची जागाही ठरवा. इमारत झाल्यावर ती जागा कधीच सापडत नाही. आणि गाडी किती मिनिटांत सोडली याचा जो तक्ता तुम्ही दर सोमवारी बघता, त्यातून पाचर लावायची, चावी द्यायची-घ्यायची मिनिटं वगळा. आम्ही मोजली आहेत, एका गाडीमागे चार-पाच मिनिटं जातात. ती वगळली नाहीत तर तुम्ही कितीही बोर्ड लावा, रात्री अकरानंतर आमच्यातला कुणीही पाचर लावणार नाही. मीसुद्धा कदाचित नाही. मला माझ्या पाळीचा आकडा गाठायचा असतो.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी तुम्ही दरवर्षी आवारात येता, फलकाजवळ शपथ होते, आम्हाला बिल्ले मिळतात. यंदा तेवढ्यावर न थांबता त्याच आठवड्यात एका रात्री दोन ते चार या वेळात या. ठरवून, पण न सांगता या. बूट घालून डॉकच्या खाली, गाडीच्या मागच्या चाकाशी उभे राहा आणि आतून मशीन शिरल्यावर चाक किती हलतं ते हात लावून बघा. मग केबिनचं दार वाजवून ड्रायव्हरला विचारा, तो किती वाजल्यापासून इथे आहे आणि शेवटचं कधी जेवला.

माझ्या गोदामात आलात तर चावीचा बोर्ड डॉक ऑफिसच्या दारातून शिरल्यावर डाव्या हाताला आहे. प्लायवुडचा तुकडा आणि चौदा खिळे, आम्हीच ठोकले. सहा नंबरचा खिळा मी थोडा मोठा घेतला आहे.

आपला,
एक फोर्कलिफ्ट ऑपरेटर,
पडघा, ता. भिवंडी, जि. ठाणे